कंबरलँड ते पिट्सबर्ग: जंगलातल्या नदीकाठाने २४१ किलोमीटर, ग्रॅव्हल सायकलवर

अमेरिकेत पूर्वेकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे म्हणून दोन-तीन महिने तिकडे जाणाऱ्या मराठी सायकलस्वारांनी एक वाट तरी करावीच, आणि ती म्हणजे ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत ही वाट १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटर जाते. बहुतेक भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचा आहे. रूळ उखडले, त्या जागी चुनखडीच्या दगडाची बारीक कच पसरून दाबली आणि चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी रस्ता तयार झाला. मोटारी नाहीत. आधी कॅसलमन नदी सोबत असते, मग यॉकिगेनी आणि शेवटी मनाँगहेला. मधले जवळजवळ शंभर किलोमीटर दाट जंगलातल्या दरीतून जातात.

या वाटेबद्दल सगळे सांगतात की ती सोपी आहे. चढाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण रेल्वेच्या चढावर सायकल चालवण्याचा शीण वेगळ्या प्रकारचा असतो, आणि त्याची तयारी न करता गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी सीटवर बसू शकत नाहीत. म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे.

आधी दिशा ठरवा

वाटेचा सर्वांत उंच बिंदू कंबरलँडपासून सुमारे ३८ किलोमीटरवर आहे. त्याला ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड म्हणतात. उंची २,३९२ फूट, म्हणजे ७२९ मीटर. इथे पडलेला पाऊस एका बाजूने पोटोमॅकमार्गे चेसापीक उपसागराला मिळतो, तर दुसऱ्या बाजूने ओहायो आणि मिसिसिपी नद्यांमधून थेट मेक्सिकोच्या आखाताला.

कंबरलँडहून निघालात तर या ३८ किलोमीटरमध्ये सुमारे ५४० मीटर चढता, आणि पुढचे २०० किलोमीटर अतिशय हलका उतार लागतो. पिट्सबर्गहून निघालात तर उलटं: दोनशे किलोमीटर न जाणवणारा चढ आणि शेवटी दीड-दोन तास सुसाट उतार. मी कंबरलँडहूनच निघायला सांगेन. अंगात ताकद असते तेव्हा पहिल्याच दिवशी चढ संपतो, आणि प्रवास डोंगरातून शहराकडे, उगमाकडून संगमाकडे होतो. चढाची धास्ती बाळगू नका. सर्वांत कठीण जागी तो पावणेदोन टक्के आहे, आणि आपल्या बोरघाटात किंवा थळघाटात रेल्वेचा चढ ३७ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास असतो.

महिना निवडा

मेचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे हा उत्तम काळ. जूनअखेर आणि जुलैत दरीच्या उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉन फुलतं. ऑक्टोबरच्या मध्यावर मेपल आणि ओक रंगतात. तेव्हा गर्दीही असते, त्यामुळे मुक्कामाच्या खोल्या महिना-दोन महिने आधी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो.

हिवाळ्यातली एक अडचण मात्र टाळता येत नाही. डिव्हाइडच्या अलीकडचा बिग सॅव्हेज बोगदा (३,२९४ फूट, जवळजवळ एक किलोमीटर) साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दारं लावून बंद ठेवतात, कारण आत झिरपणाऱ्या पाण्याचा बर्फ होऊन अस्तराला धोका पोहोचतो. वळसा घालून जायचे रस्ते तीव्र चढ-उतारांचे आणि मोटारींचे आहेत. त्या काळात जायचंच असेल तर बोगद्याच्या पलीकडच्या मायर्सडेल गावाहून पश्चिमेकडे सुरुवात करा.

सायकल तयार करा

कोरड्या दिवसांत ३२ मिलिमीटरचा टायरही चालतो, पण ३८ ते ४२ मिलिमीटर घ्यावा. दाबलेली कच गुळगुळीत असते, तरी पावसानंतर तिचा वरचा थर मऊ होतो आणि बारीक टायर त्यात रुततो. ७० किलो वजनाचा माणूस, दहा किलो सामान आणि ४० मिलिमीटरचा टायर असेल तर हवा ३५ ते ४५ पीएसआय ठेवा. मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. पुण्या-मुंबईच्या डांबरावर सवय झालेली कडक हवा इथे मनगटांना त्रास देते. हायब्रिड किंवा साधी एमटीबी (माउंटन बाइक) असेल तरी ही वाट उत्तम होते. वेगळी ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) विकत घेतलीच पाहिजे असं मुळीच नाही.

मडगार्ड मात्र लावाच. ओल्या चुनखडीचा पांढरा लगदा चेनवर, ब्रेकवर, गिअरच्या डिरेल्युअरवर (चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या भागावर) बसतो आणि वाळला की घट्ट होतो. रोज मुक्कामाला पोचल्यावर आधी बाहेरच्या नळावर साध्या पाण्याने सायकल धुवा, चेन फडक्याने कोरडी करा आणि मग तेल घाला. आंघोळ त्यानंतर. हे एक दिवस जरी टाळलं, तरी दुसऱ्या दिवशी चेनची कुरकुर ऐकत पन्नास किलोमीटर काढावे लागतात.

सोबत हे असू द्या: दोन ट्यूब, पॅच किट, पंप, टायर लिव्हर, चेन टूल आणि तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), षटकोनी पान्यांचा छोटा संच, मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा. दिवे बोगद्यांसाठी तर लागतातच, शिवाय दरी खोल असल्याने उन्हाळ्यातही तळाशी अंधार लवकर पडतो. घंटी सक्तीची समजा.

शरीर तयार करा

रस्त्यावर सायकल चालवताना आपण नकळत विश्रांती घेत असतो. उतार आला की पाय थांबतात, चढ आला की सीटवरून उठतो, वळणावर अंग हलतं. रेल्वेच्या चढाला यातलं काहीच नसतं. डिव्हाइडच्या पलीकडचा उतार सरासरी पाव टक्का आहे. पाय थांबवले की सायकल थांबते. म्हणजे सहा-सात तास एकच गिअर, एकच बैठक आणि एकसारखं पॅडल मारणं. फुफ्फुसांना फारसा त्रास होत नाही, पण बैठकीची हाडं, तळहात आणि मान थकतात.

निघण्यापूर्वी सहा-आठ आठवडे तरी दर शनिवार-रविवारी सपाट रस्त्यावर लांब पल्ला मारा, तोही सलग दोन दिवस. सिंहगड चढून केलेला सराव इथे अर्धाच उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी ६० आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ६० किलोमीटर निवांत जमले की तुम्ही तयार आहात. वाटेवर दर वीस मिनिटांनी पॅडलवर उभं राहून अंग ताणा, हातांची जागा बदला. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावा. चार दिवसांसाठी दोन शॉर्ट्स पुरतात: एक अंगावर, एक धुऊन वाळत.

सुरुवातीला पोचायचं कसं

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची (अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीची) गाडी दुपारी निघून संध्याकाळी कंबरलँडला पोचते. सायकल खोलायची किंवा खोक्यात भरायची गरज नसते, पण तिची जागा तिकिटाबरोबर वेगळी आरक्षित करावी लागते आणि या जागा मोजक्याच असतात. आधी सायकलची जागा पाहा, मग सुट्टी टाका. मोटारीने पिट्सबर्गला जाऊन तिथून सायकलींसह कंबरलँडला सोडणाऱ्या खासगी शटल गाड्याही आहेत. चार-पाच जणांचा गट असेल तर ते सोयीचं पडतं. पिट्सबर्ग, कॉन्फ्लुएन्स आणि ओहायोपाइल इथे सायकली भाड्याने मिळतात.

पहिला दिवस: कंबरलँड ते रॉकवूड, ७१ किलोमीटर

वाटेवर दर मैलाला खांब आहे. कंबरलँडला शून्य, पिट्सबर्गला १५०. सोबतच्या सगळ्यांना एक सवय लावा: मागे गेलेल्या खांबाचा आकडा कायम लक्षात ठेवायचा. मदतीसाठी ९११ला फोन करावा लागला तर तोच आकडा तुमचा पत्ता असतो.

पहिले २५ किलोमीटर फ्रॉस्टबर्गपर्यंत वाट पर्यटकांच्या रेल्वेला लागून चढते. ब्रश बोगद्यात तर रूळ आणि सायकलवाट शेजारी-शेजारी आहेत. गाडीचा आवाज आला तर बाहेरच थांबा, आत शिरू नका. ज्यांना चढ नकोच आहे त्यांनी याच गाडीने सायकलसकट फ्रॉस्टबर्गपर्यंत जावं. ती रोज नसते, वेळापत्रक पाहून घ्या. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेच्या वर आहे, नागमोडी वळणांनी चढून जावं लागतं. तरीही जा, पोटभर खा आणि बाटल्या भरून घ्या, कारण पुढचं गाव मायर्सडेल २६ किलोमीटरवर आहे.

बॉर्डन बोगदा ओलांडला की थोड्या वेळाने मेसन-डिक्सन रेषा येते. मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियाची ही सीमा चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात आखली. मग बिग सॅव्हेज बोगदा. त्याच्या तोंडाशी मागे वळून पाहा, मेरीलँडच्या डोंगररांगा एकामागे एक उलगडलेल्या दिसतात. बोगद्यात दिवे आहेत, पण भर उन्हातून आत शिरताना काही क्षण काहीच दिसत नाही. वेग कमी करा, आणि जाकीट आत जाण्याआधी चढवा; घामेजल्या अंगाला आतला गारवा बाधतो.

मायर्सडेलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात माहिती केंद्र आहे. हा मेपलच्या पाकाचा मुलूख. गावाच्या पुढे लगेच सॉलिसबरी व्हायाडक्ट येतो: १९१२ साली बांधलेला, १,९०८ फूट लांब, खाली नदी, महामार्ग आणि अजून चालू असलेली रेल्वे. वारा जोराचा असेल तर पॅनियर (चाकाच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या) लावलेली सायकल या पुलावर बाजूला ढकलली जाते. हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरा. इथून कॅसलमनची दरी सुरू होते आणि रॉकवूडपर्यंतचा रस्ता सहज सरतो.

दुसरा दिवस: रॉकवूड ते ओहायोपाइल, ४५ किलोमीटर

हा दिवस मी मुद्दाम छोटा ठेवला आहे. माझ्या मते सगळी वाट या एका दिवसासाठी करावी. बहुतेक योजनांमध्ये हे अंतर एखाद्या शंभर किलोमीटरच्या दिवसात कोंबलेलं असतं, आणि लोक ओहायोपाइलला अंधारात पोचतात. तसं करू नका.

रॉकवूडनंतर २९ किलोमीटर कॉन्फ्लुएन्सपर्यंत दुकान नाही. दोन-अडीच लिटर पाणी आणि खाणं बरोबर घ्या. एका बाजूला डोंगराचा उतार, दुसऱ्या बाजूला खाली कॅसलमन. पलीकडच्या काठावरून अधूनमधून लांबलचक मालगाडी जाते आणि तिचा आवाज दरीत बराच वेळ घुमत राहतो. पिंकर्टनला नदी मोठं वळण घेते. रेल्वेने ते वळण वाचवण्यासाठी दोन पूल आणि मध्ये ८४९ फुटांचा बोगदा काढला होता. हा बोगदा बरीच वर्षं धोकादायक म्हणून बंद होता. दुरुस्त होऊन २०१५ मध्ये तो खुला झाला.

कॉन्फ्लुएन्सला कॅसलमन, लॉरेल हिल क्रीक आणि यॉकिगेनी एकत्र येतात. १७५४ साली तरुण जॉर्ज वॉशिंग्टन इथे आला होता, ओहायो खोऱ्याकडे जाणारा जलमार्ग शोधत. गावाच्या वर धरण आहे आणि त्यातून सोडलेल्या गार पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही यॉकिगेनी वाहती राहते. गळ टाकून कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं दिसतील.

इथून ओहायोपाइलपर्यंतचे १६ किलोमीटर हा या वाटेचा सर्वांत आधी तयार झालेला तुकडा. तो १९८६ मध्ये खुला झाला. संपूर्ण वाट पिट्सबर्गच्या टोकापर्यंत जोडली जायला २०१३ उजाडलं. पश्चिम मेरीलँड रेल्वेची इथली गाडी १९७५ मध्ये बंद झाली होती. जमिनीचे तुकडे मिळवणं, पूल तपासणं, एकेका गावाला राजी करणं, हे सगळं स्थानिक सायकल मंडळांनी आणि स्वयंसेवकांनी केलं. आपल्याकडे मीटरगेजचे आणि नॅरोगेजचे कितीतरी मार्ग असेच बंद पडले आहेत. ही वाट करताना तो विचार मनातून जात नाही.

लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील आणि पूर्ण वाट जमणार नसेल, तर एवढाच तुकडा जाऊन-येऊन ३२ किलोमीटर करा. सावली भरपूर, नदी सतत दिसते आणि चढ नावालाही नाही.

ओहायोपाइलला दुपारी पोचलात तर गावातला धबधबा, फर्नक्लिफ द्वीपकल्पावरची पायवाट आणि वाटेवरचे दोन्ही पूल निवांत पाहता येतात. नदीत पोहण्याचा मोह मात्र आवरा. धबधब्याखालचं पात्र राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याचं कारण तिथले खडक आणि ओढ. वास्तुरचनेची आवड असणाऱ्यांना जवळच फ्रँक लॉइड राइट यांचं फॉलिंगवॉटर घर आहे. जाण्याचा रस्ता चढाचा आणि मोटारींचा आहे, त्यामुळे सायकलऐवजी वाहन मिळतं का ते विचारा; तिकीट आधी काढावं लागतं.

तिसरा दिवस: ओहायोपाइल ते वेस्ट न्यूटन, ६७ किलोमीटर

सकाळी दरीत धुकं असतं, पुढचा दिवा लावूनच निघा. कॉनल्सव्हिलपर्यंतचे २६-२७ किलोमीटर सर्वांत दाट जंगलाचे. मध्ये गाव नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि गटातल्या शेवटच्या माणसाकडे पंक्चरचं सामान द्या, पुढच्याकडे नको.

कॉनल्सव्हिलला हेन्री क्ले फ्रिक या उद्योगपतीने कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) बनवणाऱ्या भट्ट्यांवर साम्राज्य उभं केलं. त्या काळाच्या खुणा पुढे कड्यांवरून झिरपणाऱ्या तांबूस पाण्यात दिसतात. सोडून दिलेल्या कोळसा खाणींतून लोह घेऊन येणारं हे पाणी आहे. म्हणून या पट्ट्यात ओढ्याचं पाणी फिल्टर करूनही पिऊ नका. साधा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. व्हॅन मीटरजवळ १९ डिसेंबर १९०७ रोजी डार खाणीतल्या स्फोटात २३९ माणसं गेली, त्यांतले कितीतरी हंगेरीतून आलेले स्थलांतरित होते. तिथे थोडं थांबा.

चौथा दिवस: वेस्ट न्यूटन ते पिट्सबर्ग, ५८ किलोमीटर

मॅकीस्पोर्टनंतर वाट डांबरी होते, रेल्वेमार्गावरच्या पुलांवरून वर-खाली जाते आणि पाट्या नीट पाहाव्या लागतात. होमस्टेडला पोलाद कामगारांच्या १८९२च्या संपातल्या चकमकीची जागा, म्हणजे पंप हाउस, वाटेवरच आहे. हॉट मेटल ब्रिजवरून पूर्वी वितळलेलं लोखंड नदीपार नेत. आता सायकली जातात. पॉइंट स्टेट पार्कला ॲलेगेनी आणि मनाँगहेला मिळून ओहायो सुरू होते. वाट तिथेच संपते.

दोनच दिवस हातात असतील तर मायर्सडेल ते कॉनल्सव्हिल एवढे ९१ किलोमीटर करा, मुक्काम कॉन्फ्लुएन्सला. जंगल सगळं मिळतं, शहर फक्त वगळलं जातं.

सवयी, खाणं, धोके

भारतातून नुकतेच आला असाल तर सर्वांत मोठा धोका आपल्या सवयीचा आहे. इथे उजव्या बाजूने चालवायचं आणि डावीकडून पुढे जायचं. समोरून अचानक कोणी आलं की आपला हात आपोआप डावीकडे वळतो. पहिल्या दिवशी गटात एकाने सतत आठवण करत राहावी. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवा आणि ‘ऑन युअर लेफ्ट’ असं मोठ्याने म्हणा.

शाकाहारींनी गावातल्या उपाहारगृहांवर विसंबू नये. पिझ्झा, सॅलड आणि बटाटे यांपलीकडे फारसं मिळत नाही, आणि छोट्या गावांत सोमवार-मंगळवारी बरीच दारं बंद असतात. धपाटे, दशम्या दोन दिवस सहज टिकतात. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू खिशात ठेवा, तासाला एक. उन्हात पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाला.

गवतात बसू नका. इथल्या हरणांवरच्या गोचिडींमुळे लाइम आजार होतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांत तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं सांगा. तीन पानांच्या पॉयझन आयव्ही या विषारी वेलीला हात लावू नका. तिची खाज खाजकुयलीसारखी लगेच सुरू होत नाही, एक-दोन दिवसांनी फोड येतात, त्यामुळे कुठे लागली तेही आठवत नाही. तंबूत राहणार असाल तर खाणं आत ठेवू नका, काळी अस्वलं आहेत. खडकांवर ऊन खात बसलेला रॅटलस्नेक हा विषारी साप दिसला तर दुरून थांबा, त्याला जाऊ द्या.

परतताना

पिट्सबर्गहून वॉशिंग्टनकडे जाणारी गाडी पहाटे सुटते, म्हणून शेवटची रात्र स्टेशनजवळ काढा. एक दिवस जास्त असेल तर पेन हिल्सच्या श्री वेंकटेश्वर मंदिरात जा. ते १९७०च्या दशकात बांधलं आहे, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी एक. रस्ता चढाचा आणि रहदारीचा, तेव्हा मोटारीनेच. ज्यांचे पाय अजून शिल्लक आहेत त्यांनी पुढच्या वेळी कंबरलँडहून उलट दिशेला सी अँड ओ कालव्याच्या काठाची वाट धरावी: वॉशिंग्टनपर्यंत २९७ किलोमीटर, जवळजवळ सपाट, पण पावसानंतर चिखलाची. तिच्यासाठी टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको आणि रोजचं अंतर इथल्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटरने कमी धरा.